तीन रकाने : 'मॅन' खोडून 'पर्सन' लिहा म्हणणारा मिल

२० मे १८६७. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकावर कलमवार चर्चा सुरू होती. चौथं कलम आलं तेव्हा वेस्टमिन्स्टरचा सदस्य, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल उभा राहिला. त्याची उपसूचना एवढीच होती : कलमातला 'मॅन' हा शब्द गाळावा आणि तिथे 'पर्सन' घालावा. म्हणजे पुरुष नव्हे, व्यक्ती. त्या दिवशी मिलला एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती.

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी उपयुक्ततावाद शिकवते. पाठ्यपुस्तकात या विचाराचा प्रवर्तक जेरेमी बेंथम याची सुखाची मोजपट्टी असते, मिलचं 'उच्च' आणि 'नीच' सुख असतं, असंतुष्ट सॉक्रेटिस आणि संतुष्ट डुक्कर असतं. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेला लिहून मोकळी होतात. हा विचार माणसाच्या हातात आल्यावर काय करतो, हे त्यातून कळत नाही. ते कळावं म्हणून काही वर्षांपासून मी या एका उपसूचनेचं प्रकरण वर्गात घेते. इथे ते सगळं मांडते आहे.

बापाने पुसलेली ओळ

उपयुक्ततावादाचा गाभा साधा आहे. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात असेल, तो कायदा चांगला. आणि हा हिशेब मांडताना प्रत्येकाला एकच धरायचं, कुणालाही एकाहून जास्त नाही. हे दुसरं वाक्य मिलने बेंथमच्या नावावर सांगितलं आहे. माझ्या मते सगळी ताकद त्यातच आहे. राजाचं सुख एक, मोळीविकीचं सुखही एकच. अठराव्या शतकाच्या इंग्लंडात असं म्हणणं म्हणजे सुरुंग लावणंच होतं.

बेंथमचा सगळ्यात निष्ठावंत शिष्य जेम्स मिल, आपल्या मिलचा बाप. १८२० मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीसाठी त्याने शासनसंस्थेवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने विचारलं, मत कुणाकुणाला द्यायला हवं? उत्तर असं : ज्यांचं हित निर्विवादपणे दुसऱ्याच्या हितात सामावलेलं असतं, त्यांची नावं गाळली तरी काही बिघडत नाही. मुलांचं हित आईबापांच्या हितात असतं. बायकांचं हित वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या हितात असतं. झालं. 'प्रत्येकाला एक' म्हणणाऱ्या हिशेबातून निम्मी माणसं एका वाक्यात बाहेर पडली.

हे ऐकून वर्गात कुणी चकित होत नाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी अगदी सहज म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे तसंच आहे. पप्पा सांगतात त्या बटणावर मम्मी बोट ठेवते. एकाच घरातली मतं ना." ती तक्रार करत नव्हती, घरची रीत सांगत होती. दोनशे वर्षांपूर्वीचा युक्तिवाद वर्गात जिवंत बसलेला होता. जेम्स मिल कोण, हे त्यानंतर मला फळ्यावर वेगळं लिहावं लागलं नाही.

मुलाला बापाची ही चूक फार लवकर खटकली. मोठेपणी आत्मचरित्रात त्याने बापाच्या बहुतेक मतांचा मान राखला, पण या जागी स्पष्ट नापसंती नोंदवली. आणि हे मत केवळ कागदावरचं नव्हतं. १८५१ मध्ये हॅरिएट टेलरशी लग्न करण्याआधी त्याने एक लेखी निवेदन केलं. विवाहाचा कायदा नवऱ्याला बायकोच्या शरीरावर, मिळकतीवर आणि कृतींवर जे अधिकार देतो ते मला मान्य नाहीत. कायद्याने ते सोडून देता येत नसल्याने निदान ते कधीही न वापरण्याचं वचन मी देतो, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू या नियतकालिकात स्त्रियांच्या मताधिकारावर हॅरिएटचा लेख आला. १८५८ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे ती वारली. संसदेत भाषण झालं तेव्हा ती जाऊन साडेआठ वर्षं झाली होती, पण त्या भाषणामागे ती आहे असं मला नेहमी वाटतं. मिलने स्वतःही तिचं ऋण कधी लपवलं नाही.

सफरचंदवालीच्या टेबलाखालची गुंडाळी

मिल राजकारणी नव्हता. १८६५ च्या निवडणुकीत त्याने प्रचाराला दारोदार जायला नकार दिला आणि खर्चालाही नकार दिला. निवडून आलो तर बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळावं असं म्हणेन, हे मात्र मतदारांना आधीच कळवून टाकलं. तरी निवडून आला.

पुढच्या वर्षी स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या बार्बरा बोडिशॉनने हॅरिएटची मुलगी हेलन टेलर हिला पत्र लिहून विचारलं : आम्ही अर्ज केला तर मिल तो संसदेत मांडेल का? उत्तर आलं, शंभर सह्या तरी आणा. बायकांनी काही आठवड्यांत जवळपास पंधराशे सह्या जमवल्या. त्यांत गणित आणि खगोलशास्त्रावर लिहिणारी मेरी सॉमरव्हिल होती, लेखिका हॅरिएट मार्टिनो होती.

७ जून १८६६ रोजी एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट त्या सह्यांची जाड गुंडाळी घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेल्या. मिल अजून आला नव्हता. वकील, खासदार, कारकून यांची वर्दळ, आणि त्यात एवढी गुंडाळी घेऊन उभ्या दोन बायका. त्यांना अवघडल्यासारखं झालं. हॉलमध्ये सफरचंदं विकणारी एक बाई बसायची. त्यांनी गुंडाळी तिच्या टेबलाखाली ठेवायला दिली. मिल आला आणि त्याने विचारलं, अर्ज कुठे आहे? मग ती सफरचंदांखालून निघाली. ती हातात उंचावत तो म्हणाला, ही मला छान फडकवता येईल.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. मागणी मोठी, पण ती घेऊन उभं राहायलाही जागा नाही. आणि जागा दिली ती फळं विकणाऱ्या बाईने, जिला त्या अर्जाने काहीच मिळणार नव्हतं.

भाषण

आता वर्ष उलटून २० मे १८६७ ला येऊ. मिलचा आवाज बारीक होता, तो सभा गाजवणारा वक्ता नव्हता. पण या भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे.

सुरुवातीलाच त्याने पुराव्याचं ओझं उलटवलं. मताचा हक्क प्रत्येकाला द्यायलाच हवा असं न्याय म्हणत नसेल, पण एकाला देतो ते दुसऱ्याला कारणाशिवाय, लहरीने नाकारू नये, एवढं तर न्याय म्हणतोच. नाकारायचं तर दोनच कारणं चालतील : ती व्यक्ती अपात्र आहे, किंवा तिला मत दिल्याने देशाला धोका आहे. सांगा, यांतलं कोणतं लागू आहे? ज्या बायका जमीनजुमला सांभाळतात, धंदा चालवतात, स्वकमाईतून कर भरतात, कुटुंबाच्या कर्त्या आहेत, ज्यांच्यातल्या काही शिक्षिका असून पुष्कळ मतदार पुरुषांना आयुष्यात जेवढं आलं नाही त्याहून जास्त शिकवतात, त्यांना घरमालक पुरुषाला जमतं ते काम जमणार नाही?

मग आक्षेप एकेक करून घेतले. बायका राजकारणात पडल्या तर घर कोण पाहणार? तो म्हणाला, कारागीर वाचायला शिकले तर कारखाना सोडून जातील अशीही लोकांना एके काळी खरोखर भीती वाटत होती. पडद्यामागून बायकांची सत्ता आहेच की? आहे, आणि ती जबाबदारीशिवायची आहे. मला ती जबाबदार करायची आहे. हा मुद्दा वर्गातल्या मुलांना फार पटतो. 'घरात आईचंच चालतं' हे वाक्य त्यांनी ऐकलेलं असतं, पण चालतं म्हणजे नेमकं काय, हे कुणी त्यांना विचारलेलं नसतं.

यानंतर तो बापाच्या युक्तिवादाशी आला, बापाचं नाव न घेता. बायकांचं हित बाप, नवरा, भाऊ पाहतात, ते एकच आहे. मिल म्हणाला, मत नसलेल्या प्रत्येक वर्गाबद्दल हेच म्हटलं जातं. मालकाचं आणि मजुराचं हितही नीट पाहिलं तर एकच आहे. मग मजुराला वेगळं मत कशाला? तरी मजुराला मालकाच्या मर्जीपलीकडचं संरक्षण लागतं, आणि बायकांना त्यांच्या पुरुषांपलीकडचं.

आणि मग त्याने ते तीन रकाने मागितले.

या सभागृहासमोर एक तक्ता ठेवावा, तो म्हणाला. पहिल्या रकान्यात, आपल्या रक्षणकर्त्या पुरुषांकडून दरवर्षी मारहाणीत, लाथांनी, तुडवून किती बायका मरतात ते लिहावं. समोरच्या रकान्यात, जे अगदीच सुटले नाहीत त्यांना झालेली शिक्षा लिहावी. तिसऱ्या रकान्यात, तेवढीच शिक्षा ज्या चोरीला दिली जाते त्या चोरीच्या मालाची किंमत लिहावी. म्हणजे पुरुषांचं विधिमंडळ आणि पुरुषांची न्यायालयं एका बाईच्या खुनाची किंमत किती धरतात, ते अंकांत कळेल.

हा परिच्छेद मी वर्गात दोनदा वाचते. बेंथमच्या हिशेबावर नेहमी आरोप होतो की तो रुक्ष आहे, माणसाच्या दुःखाचे आकडे करतो. इथे पाहा, आकडा काय करतो. ज्या समाजाने बायकांच्या मरणाची मोजदादच केली नाही, त्याला मिल म्हणतो, मोजा. मोजलं की लपवता येत नाही. 'तुमचं हित आम्ही पाहतो' हे वाक्य कितीही गोड असलं तरी त्या तक्त्यासमोर उभं राहू शकत नाही. उपयुक्ततावादात एवढा कळवळा असू शकतो, हे मला स्वतःला या परिच्छेदानेच पहिल्यांदा कळलं.

पुढे शिक्षण आणि धंदा. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या जुन्या धर्मादाय संस्थेत अकराशे मुलगे शिकतात आणि मुली बरोबर सव्वीस, हा आकडा त्याने दिला. औषधोपचाराचे परवाने देणाऱ्या अपॉथिकरीज सोसायटीचं उदाहरण दिलं : नियमांत एक फट राहिली होती, तिच्यातून एक बाई परीक्षा देऊन औषधोपचाराचा परवाना मिळवून गेली, आणि संस्थेने घाईने दार लावून घेतलं. ती बाई म्हणजे एलिझाबेथ गॅरेट, गुंडाळी घेऊन हॉलमध्ये उभी राहिलेल्या दोघींपैकी एक. परवाना तिला १८६५ मध्ये मिळाला होता.

७३ विरुद्ध १९६

मतं पडली. बाजूने ७३, विरुद्ध १९६. उपसूचना फेटाळली गेली. मिलचे विरोधक खूश झाले असतील, पण त्र्याहत्तर हा आकडा कुणाच्याच अपेक्षेत नव्हता. खासदार म्हणून आपण केलेलं खरोखर महत्त्वाचं काम बहुधा हे एकच, असं मिलने नंतर लिहिलं. १८६८ च्या निवडणुकीत तो पडला.

शब्दाची गोष्ट मात्र संपली नाही. मँचेस्टरमध्ये लिली मॅक्सवेल नावाची एक विधवा दुकान चालवायची आणि कर भरायची. तिचं नाव चुकून मतदारयादीत आलं. नोव्हेंबर १८६७ च्या पोटनिवडणुकीत ती स्त्री-मताधिकाराची कार्यकर्ती लिडिया बेकर हिच्याबरोबर मतदान केंद्रावर गेली. तेव्हा मत गुप्त नसायचं, सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव बोलून सांगावं लागायचं. तिने जेकब ब्राइटचं नाव सांगितलं, आणि ते नोंदलं गेलं.

मग कायद्याचा कीस पडला. १८५० च्या एका कायद्यानुसार, वेगळं म्हटलं नसेल तर कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात. १८३२ च्या सुधारणा कायद्यात 'मेल पर्सन' असे शब्द होते. १८६७ मध्ये नुसता 'मॅन' आहे. मग 'मॅन'मध्ये आम्ही का नाही? मँचेस्टरच्या पाच हजारांवर बायकांनी मतदार म्हणून नावनोंदणी मागितली. १८६८ मध्ये चॉर्ल्टन विरुद्ध लिंग्ज या खटल्यात कोर्टाने निकाल दिला : नाही. कर भरताना 'मॅन'मध्ये बाई येते, शिक्षा भोगताना येते, मत देताना येत नाही. मिलने तो शब्द का बदलून मागितला होता, हे त्या निकालाने सिद्ध केलं.

कच्चे दुवे

प्रकरण अभ्यासात नायकाची आरती करून भागत नाही. दोन गोष्टी मला सलतात.

पहिली उपसूचनेतलीच आहे. मिलने मागितलं ते 'पुरुषांना ज्या अटी, त्याच अटींवर'. अट मालमत्तेची होती. आणि तेव्हाच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची व्हायची. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते टप्प्याटप्प्याने बदललं. म्हणजे उपसूचना मंजूर झाली असती तरी मत मिळालं असतं ते मुख्यतः विधवांना आणि अविवाहित घरमालकिणींना. पहिल्या रकान्यात जिचं नाव येतं, नवऱ्याच्या लाथांनी मरणारी मजुराची बायको, तिला काहीच नाही. सभागृहाला सगळं मागितलं असतं तर त्र्याहत्तरही मिळाले नसते, हे मला समजतं. दार किलकिलं करायला तो शहाणपणाचा मार्ग होता असंही मी मानते. पण ज्यांच्या दुःखाने भाषण पेटलं, त्याच बायका मागणीबाहेर राहिल्या, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. मिल सतराव्या वर्षी, १८२३ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत बापाच्या हाताखाली लागला आणि १८५८ पर्यंत तिथेच होता. पस्तीस वर्षं हिंदुस्थानला जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे त्याने लिहिले. इथे एकदाही पाऊल ठेवलं नाही. कंपनीचा कारभार काढून घेण्याचं ठरलं तेव्हा तिच्या बचावाचा अर्जही त्यानेच लिहिला. आणि १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त, हे स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्यासाठी सुधारणेच्या हेतूने चालवलेली एकाधिकारशाही योग्यच, असं लिहून ठेवलं.

म्हणजे 'त्यांचं हित आम्ही पाहतो'. बापाने बायकांबद्दल म्हटलं, तेच मुलाने हिंदुस्थानाबद्दल म्हटलं. मजूर-मालकाचं उदाहरण देताना त्याला लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीतली आपली खुर्ची आठवायला हवी होती. दुष्काळात किती माणसं मेली, सारावसुली किती झाली, असे रकाने त्याच्याच खलित्यांसमोर मांडता आले असते. त्याचं तत्त्व त्याच्याहून मोठं होतं, असं माझं मत आहे. कमी पडला तो ते लावताना.

पुण्यातला वाचक

म्हणूनच त्याला इकडे कुणी कसं वाचलं, हे महत्त्वाचं ठरतं. टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात शिकताना मिल आणि इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर यांच्या विचारांनी भारले गेले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण त्यांनी मिलचा निकाल उचलला नाही, तपासायची रीत उचलली. एखादी रूढी समोर आली की ती जुनी आहे का, शास्त्रात आहे का, हे त्यांच्या लेखी दुय्यम. तिच्यामुळे कुणाला किती दुःख होतं आणि त्यातून कुणाचं काय भलं होतं, हा पहिला प्रश्न. केशवपन, बालविवाह, विधवेचं जिणं, सगळं त्यांनी याच कसोटीला लावलं. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं त्या काळच्या पुण्यात लिहिलं. मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी, सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये असा गदारोळ उठला असताना, ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. घराच्या आत जे मूल पोळतं आहे, त्याचं दुःख घरमालकाच्या हितात सामावलेलं नाही, हा त्या भूमिकेचा अर्थ. पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ मध्ये, ते गेले.

इंग्लंडमध्ये १९१८ ला तिशीपुढच्या, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळालं, आणि १९२८ ला पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना. मधल्या काळात, हिंदुस्थानच्या कारभाराविषयीच्या १९१९ च्या कायद्याखालच्या नियमांनी हिंदुस्थानातल्या प्रांतिक विधिमंडळांना एक मुभा दिली : ठराव करून मतदानातला स्त्री-पुरुष भेद काढून टाकता येईल. मद्रासने १९२१ मध्ये तो काढला, त्याच वर्षी मुंबई इलाख्याने काढला. मालमत्तेची अट जागच्या जागी ठेवून. मिलने चौपन्न वर्षांपूर्वी मागितलं होतं तेवढंच, आणि त्याच मर्यादेसह. वर्गात इथवर आलं की मी फळ्यावर तीन उभ्या रेघा मारते आणि रकाने रिकामे ठेवते. पहिल्या रकान्यात काय लिहायचं, ते मुलांनी आपापल्या गावाकडून शोधून आणायचं असतं.